शिवणाचा खांदा

सोमवार
नवऱ्याची फिरतीची नोकरी, म्हणून भाड्याची खोली सोडून आले एकदाची सासरी. खाली सासूबाईंचं शिवणकाम, वर आम्ही. मशिनी अशा खडखडतात की वरून घसा फोडून हाक मारली तरी खाली पोचत नाही. मला कॉलर शिवायला बसवलं. पहिलीच वाकडी झाली. नणंद म्हणाली, वहिनी, आता वाकड्या मानेचं गिऱ्हाईक शोधायला हवं. हसून हसून पुरेवाट झाली.

गुरुवार
पाळी लांबली होती. घरीच चाचणी केली, दोन रेघा आल्या. सासूबाईंनी जवळ घेतलं, डोळे पुसले. त्यांची दोन पोरं तिसऱ्या महिन्याआधी पोटातच गेली, सगळ्यांना सांगून झाल्यावर. म्हणून या घरात तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. डॉक्टरकडेही नाही. बरं आई, म्हटलं.

रविवार
ओटीपोटात उजवीकडेच कळ येते. थोडं लालही अंगावरून गेलं. सासूबाई म्हणतात, होतं असं, पडून राहा. पडून राहिले.

मंगळवार
खांद्याचं टोक दुखतंय, आडवं झालं की जास्तच. कामावरच्या बायका हसल्या. म्हणे शिवणाचा खांदा, आता तू खरी आमच्यातली. सगळ्यांचाच दुखतो इथे. सासूबाईंनी मायेनं मलम चोळलं. उतार नाही. पण तसं त्यांना सांगवलं नाही.

बुधवार
मोरीत भोवळ आली. अंग गार, घाम. चोरून दवाखान्यात फोन केला. नर्सबाईंनी विचारलं, दिवस गेलेत का, कळ एकाच बाजूला का, खांदा दुखतो का. मग त्यांचा आवाजच बदलला. गर्भ नळीत राहिला असेल, नळी फुटली की पोटात रक्त साचतं, खांदा त्यानंच दुखतो. जिवावरचं आहे. पत्ता सांगा, उठू नका, काही खाऊ-पिऊ नका, गाडी पाठवते.

खोलीपर्यंत सरपटत आले. फोन मोरीतच राहिला. घाबरायला हवं. तेवढंही त्राण नाही.

गाडी आली — मशिनी थांबल्या — खालचं सगळं ऐकू येतंय —

सासूबाई सांगतायत, पत्ता चुकला तुमचा. आमच्याकडे कुणालाच दिवस गेलेले नाहीत. अगदी गोड आवाजात — माझ्याच भल्यासाठी —

हाक मारतेय — ओठच हलतात नुसते —

गाडी वळतेय — आई, मी वर —