तीस आज्या आणि एक माफीपत्र

तीर्थस्वरूप ताई,

देगूहून तुझ्या धाकट्या ब्योंगचोलचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? तू धाडलेली मुळ्याची किमची पोचली (बरणीचं झाकण वाटेतच उडालं होतं, तेव्हापासून टपालवाला माझ्याशी बोलत नाही). मी धडधाकट आहे. विद्यापीठातला माझा करार मात्र या महिन्यात वाढतो की नाही याची धाकधूक आहे, आणि ती ज्या गाढवांमुळे आहे त्यांची हकीगत ऐक.

लेखनाच्या वर्गाला मी साधा विषय दिला होता: घरचं जेवण. तीस निबंध आले आणि तीसही निबंधांत एकच आजी, पहाटेच्या धुक्यात, थरथरत्या हातांनी सोयाबीनच्या आमटीत प्रेम ढवळत होती. वर्गातल्या दो-ग्योमचीसुद्धा! (त्याची आजी विद्यापीठाच्या फाटकासमोर तळलेल्या कोंबडीचं दुकान चालवते, दुपारपर्यंत उठत नाही, आणि प्रेमाचं म्हणशील तर गिऱ्हाइकाला चमचाभर चटणी जास्त देत नाही.) पोरांनी त्या एआयच्या यंत्राला विषय सांगितला, यंत्राने आजी दिली. स्वतःच्या आजीला एक फोन करणं काही यांना जमलं नाही.

मग रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांना माफीपत्र लिहायला लावलं. हाताने, दोन पानं. वाटलं, पेन धरलं की थोडी तरी लाज वाटेल. कसली लाज! तीसही जणांना 'हा प्रसंग आत्मपरीक्षणाची मौल्यवान संधी' वाटला होता. दो-ग्योमने तर शेवटी टपोऱ्या अक्षरात हेही उतरवलं होतं: 'हवं असल्यास मी हा मजकूर अधिक भावपूर्ण करून देऊ शकतो.' त्याला उभं केलं, तर म्हणतो, "सर, हाताने लिहा म्हणालात ना? हे बघा, बोट सुजलंय." म्हटलं, "आणि डोकं?" "डोक्याचं तुम्ही कुठे काय म्हणाला होतात?"

वर्ग खिदळला आणि माझं पित्त खवळलं. तुमच्यापेक्षा त्या दुकानातल्या कोंबड्या जास्त विचार करतात, तळल्यावरसुद्धा, असं मी बोलून गेलो (हे आईला वाचून दाखवू नकोस). झालं, तीस तक्रारी वर गेल्या. पण गंमत बघ, तक्रार लिहायला एकालाही यंत्र लागलं नाही! प्रत्येकाची शिवी वेगळी, स्वतःची, रसरशीत. खोटं कशाला सांगू, वाचताना मला फार आनंद झाला. वर्षभर मला शिकवता आलं नाही ते रागाने एका दुपारीत शिकवलं. अशा पोरांनी यंत्रापुढे हात पसरावेत, याचाच मला संताप येतो.

सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
ब्योंगचोल

ता. क. डीनसाहेबांनी आता माझ्याकडूनच माफीपत्र मागितलंय. हाताने, दोन पानं. ते पटलं तरच करार. पहिला खर्डा त्यांनी परत केला. म्हणाले, "अहो, यात तुम्ही पोरांना आणखी झोडपलंय. पश्चात्ताप कुठेय?" तेव्हा तुझ्या गोनूला म्हणावं, त्या यंत्राकडून मामासाठी एक माफीपत्र काढून दे. शुक्रवारच्या आत.

आणखी ता. क. पश्चात्ताप भरपूर घालायला सांग. माझ्याकडे तो औषधालाही नाही.