अव्वांच्या तळहातावरचं फूल

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहायला बसले. यांना सांगितलं तर म्हणतात, "फुलावरून काय रुसतेस? वय बघ."

आज सकाळी अव्वांनी पुन्हा शिवगंगेच्या डब्यातलं फूल तोडलं. माझ्या कुंड्यांना पदर घासत गेल्या, थांबल्या नाहीत. थेट टाकीजवळ. तिथे तिचा तो गंजका तेलाचा डबा. त्यात एकुलतं एक बटन गुलाबाचं झाड, नर्सरीतून आणलेलं. शेंदरी. फूल रुपयाएवढं.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. वय झालं, तरी रोज जिना चढतात. गच्ची एकच. जिन्याकडची बाजू माझी, टाकीकडची धाकट्या जावेची, शिवगंगेची. फूल घेऊन तिथेच उन्हात बसतात, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, भस्म लावतात, बेल वाहतात, वर ते फूल. मोठा गुलाब तळहातावर मावत नाही, लिंग झाकून जातं. बटन गुलाब नेमका बसतो.

पूजा झाली की तेच फूल शिवगंगेच्या केसांत खोवतात. रोज!

मी बॉटनीची बी.एस्सी. नांदेडला, पहिल्या वर्गात. बटन गुलाबाच्याच तेवीस कुंड्या स्वतः वाढवलेल्या. आणि ती बारावी, माहेर देगलूरकडचं, पाणी घालते ते डाळ धुतलेलं!

१३ नोव्हेंबर

आजही तिचंच.

१ डिसेंबर, रविवार

छाटणीनंतरचा पहिला बहर. पांढरी, गुलाबी, पिवळी, कडेला लाल झाक असलेली. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. भाजी धुतलेलं पाणी साठवून मी ही झाडं जगवली आहेत. माती माझी, शेणखत माझं, निंबोळीची पेंड माझी. रोज पहाटे एकेका फुलावर वाकून फुलकिडे बघते, पानं उलटून लाल कोळी बघते. चष्म्यानं जवळचं नीट दिसत नाही, म्हणून तो काढून अगदी जवळ जाते.

सगळ्यांत भरलेली पांढरी कुंडी मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी ठेवली. अव्वा वर आल्या. कुंडी पायात आली म्हणून तिला वळसा घातला!

"अव्वा, हे घ्या की. केवढं टपोरं आहे."

"असू दे गं. झाडावर चांगलं दिसतंय."

आणि गेल्या टाकीकडे.

शिवगंगा तुरीची डाळ वाळत घालत होती. गालातल्या गालात हसली. किंवा हसली नसेल. मला हसल्यासारखी दिसली.

१९ डिसेंबर, गुरुवार

शिवगंगेनं बोलावलं. "अक्का, इकडं या जरा! बघा, कशी जोरदार फांदी फुटलीय!"

फुटलीय खरी. डब्याच्या मातीतून सरळ वर, अंगठ्याएवढी जाड, फिक्या हिरव्या रंगाची, पानंही वेगळी. मला एका नजरेत कळलं. ही गुलाबाची फांदी नाही. नर्सरीवाले जंगली खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरून कलम करतात, त्या खुंटाची ही फूट. खालूनच तोडून टाकायला हवी. नाही तर सगळं बळ तीच ओढते आणि वरचं कलम उपाशी मरतं. माझी सगळी झाडं कापून लावलेल्या फाट्यांपासून, स्वतःच्या मुळांवर वाढलेली. माझ्याकडे ही भानगड नाही.

शिवगंगा माझ्या तोंडाकडे बघत होती. "आता बघा, फुलंच फुलं होतील. अव्वाला वेचून सरायची न्हाईत."

मी म्हटलं, "छान आहे. राहू दे."

एवढंच म्हटलं. खाली आले आणि कणीक मळली. फार घट्ट झाली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिची फांदी कमरेएवढी झाली. काठी रोवून दोरीनं बांधली आहे तिनं. येणाऱ्या बायकांना दाखवते. वाण घेऊन आलेल्या प्रत्येकीला गच्चीवर नेलं!

कलमावर दोन कळ्या. बारीक.

२ फेब्रुवारी, रविवार

पुष्पप्रदर्शनात लहान गुलाबांत माझी पिवळी कुंडी पहिली आली. परीक्षक म्हणाले, "मॅडम, एका पानावर डाग नाही." सन्मानचिन्ह घेऊन घरी आले. अव्वांनी हातात घेऊन बघितलं. "जड हाय," म्हणाल्या. परत दिलं.

मग हाक मारली, "शिवगंगे, उद्याची कळी उमलंल का गं?"

त्या एका कळीची चौकशी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिच्या झाडाला फूल नाही. मला वाटलं होतं, आता तरी इकडे वळतील. माझ्याकडे अख्खी गच्ची फुललेली.

अव्वा डब्यापाशी गेल्या. पानं बाजूला सारून बघितलं. मग नुसता बेल वाहून पूजा केली. माझ्या फुलांच्या मधून चालत परत आल्या. हात रिकामा.

फुलं नसलेल्या डब्याचाही मला हेवा वाटावा! पन्नास फुलं एका बाजूला आणि त्या पत्र्याच्या डब्यातली काटेरी काठी एका बाजूला. माझ्या फुलांचा असा काय विटाळ आहे?

शिवगंगेचे केस मात्र आज मोकळे होते. ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी शिवगंगा दारात उभी. हातात ती फांदी. मुळाशी कापलेली, माझ्या खांद्याएवढी लांब.

"घ्या अक्का. तुमची 'छान आहे, राहू दे'."

मी पदराला हात पुसले.

"मोबाईलवर बघितलं मी. जंगली हाय म्हणं ही. तुम्हाला दिसली न्हाई व्हय? तुम्ही तर कोळी बघता, फुलकिडे बघता. एवढा सोटा दिसला न्हाई?"

"वेळेवर नाही आलं लक्षात."

"आलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडं न बघता बोललात. तुम्ही सगळ्यांकडं रोखून बघून बोलता, अक्का."

फांदी उंबऱ्यावर ठेवून गेली. उचलताना माझ्या बोटात काटा मोडला. अजून निघालेला नाही.

वर जाऊन पाहिलं. फांदी तोडायला उशीर झाला होता. कलम वाळलंय. नखानं साल खरवडली, आत तपकिरी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज तरी फूल हवं की नाही लिंगाला? बेलावर बेल वाहत बसल्या. शिवगंगा खालून बाजारातला झेंडू घेऊन आली, तो एवढा मोठा की अव्वांच्या हातात मावेना. मला राहवलं नाही. समोर जाऊन उभी राहिले.

"अव्वा, माझ्या फुलांना काय झालंय? सांगा एकदा. पाप लागलंय का त्यांना?"

अव्वांनी लिंग वस्त्रात गुंडाळलं, गळ्यात घातलं. मगच बोलल्या.

"पाप कशाला गं. लई साजरी हाईत तुझी फुलं. पन तू रोज सकाळी एकेका फुलात नाक घालतीस. सगळ्यांचा वास घेतीस, एक सोडत न्हाईस. हुंगलेलं फूल लिंगावर कसं ठिवू?"



"मी वास घेत नाही! मी किडे बघते! चष्मा काढून! आणि अव्वा, या फुलांना वासच नसतो!"

"मला काय ठावं? मला वाकलेली तू दिसतीस."

"मग एकदा सांगायचं तरी! वर्षभर—"

"शिकली सवरलेली तू. सकाळचं सुख घेत असशील, म्हनलं. तुझ्या झाडाचा वास तू घ्यायचा न्हाई, तर कुनी घ्यायचा? तुझ्या सुखात कशाला पाय घालू?"

शिवगंगा झेंडू हातात धरून हसायला लागली. मोठ्यानं. मग माझ्याकडे बघून थांबली. तिला डबा आठवला असणार. मलाही.

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी ते करते आहे असं दिसत असेल, हे मात्र सुचलं नाही. आणि त्यावरून मी एक झाड मरू दिलं.

२७ फेब्रुवारी

आज गच्चीवर फक्त पानं उलटून पाहिली. तोंडावर पदर बांधून. हे म्हणाले, "कुठे दरोडा?"

३ मार्च, सोमवार

पांढऱ्या कुंडीवरची सगळी उमललेली फुलं कापून टाकली. पाच पात्यांच्या पानाजवळच्या डोळ्यावर, नेहमीच्या छाटणीसारखी. फक्त कळ्या ठेवल्या. त्यांच्याजवळ गेले नाही. कुंडी हलवायची तर तोंड फिरवून हलवली. ही कुंडी माझी सगळ्यांत जुनी. फाटा मी नांदेडहून ओल्या रुमालात गुंडाळून आणला होता. द्यायची तर हीच. दुसरी दिली तर दिल्यासारखं होणार नाही.

मन अजून नाही म्हणतंय. लिहून ठेवते.

४ मार्च, मंगळवार

दिलं: पांढरी कुंडी, मातीसकट, शिवगंगेला. म्हटलं, "मला दिसली होती ती फांदी." ती म्हणाली, "ठावं हाय." कुंडी उचलून टाकीकडे नेली, जुन्या डब्याच्या जागी ठेवली. पहिली कळी उमललेली होती. अव्वांनी विचारलं, "कुनाचं गं हे?" शिवगंगा म्हणाली, "माझं." मी कपडे वाळत घालत राहिले. फूल लिंगावर चढलं.

मिळालं: तेच फूल. पूजा झाल्यावर अव्वा टाकीपासून जिन्यापर्यंत चालत आल्या आणि माझ्या हातावर ठेवलं. "घे. आता हुंग."

हुंगलं. भस्माचा वास आला.