तळणीचा वास आणि अर्धी गोळी

अत-बाशी,
शनिवार, ११ ऑक्टोबर २००८

प्रिय जिरगल दादा,

सलाम. खाणीवर थंडी वाढली असेल. आत्याने विणलेले मोजे पेटीत ठेवू नकोस, घाल.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. बाबा बर्फावरून घसरले, असं मी लिहिलं. इथे अजून बर्फच पडलेला नाही. ते आपल्याच उंबरठ्यावर पडले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले आणि अंग पुढे गेलं. कपाळावरची खोक आता भरतेय.

वसंतात डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते माझ्या वहीत आहे. बाबांच्या मेंदूत डोपामीन कमी पडतं, म्हणून हात कापतात, पाय अडतात. गोळी ते भरून काढते. पण कधी तिच्यामुळेच नसलेली माणसं दिसतात. दिसली तर मला सांगा, मनाने काही बदलू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

ऑगस्टमध्ये बाबांना आपली गेलेली आई दिसू लागली. मानाच्या जागेपुढे तिच्यासाठी चहा ओतायचे. "आयझिरेक, आईला सलाम कर," म्हणायचे. मी करायचे, रिकाम्या जागेला.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं नाही. वेड्यांच्या इस्पितळात ठेवतील, अशी भीती वाटली. सोनूनबू आत्या म्हणाली, "वेडा कसला? वहिनी भुकेली आहे. गेलेल्यांना तळणीचा वास लागतो. तू बाजारातून पाव आणतेस, ती बिचारी हुंगणार काय?" मग दर गुरुवारी आम्ही पीठ भिजवून बोरसोकचे छोटे गोळे तळले. चौथ्या गुरुवारनंतर आई यायची थांबली. आत्या गल्लीभर सांगत सुटली.

दादा, आई त्या वासाने तृप्त होऊन गेली नाही. तिसऱ्या गुरुवारपासून मी बाबांची गोळी अर्धी करत होते. उरलेले तुकडे काडेपेटीत लपवलेत.

ज्या बाबांनी मला चुलीपुढे बसवून पाढे शिकवले, ते काल चहा मांडताना तिघांना किती वाट्या लागतील, इथे अडले. आजार पुढे गेला की हे मी केलं, मला कळत नाही. वाट्यांकडे बघत हळूच म्हणाले, "तिला तू घालवलंस ना?" रागावलेसुद्धा नाहीत.

आता पूर्ण गोळी द्यायलाही हात धजत नाही.

डॉक्टरीणबाई नारीन शहरातल्या दवाखान्यात गुरुवारीच बसतात. आत्याने त्या दिवसासाठी पीठ भिजवायला सांगितलंय. मी भिजवणार नाही. बाबांना घेऊन जाईन, काडेपेटी टेबलावर ठेवीन आणि विचारायच्या आधीच सांगेन. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तो दिवस होऊन गेला असेल. म्हणून तारीख लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझी आयझिरेक

गुरुवार, १६ ऑक्टोबर, सकाळची आठची गाडी.