दोन दोऱ्यांचं सुकाणू

बाबा, सुकाणूच्या दोऱ्या तुम्ही नेमक्या कुठे एकमेकींवरून ओलांडून नेल्या होत्या, ते मला सापडत नव्हतं. तीन रविवार डोंबिवलीच्या खाडीकाठी बसून मी तुमची ती शिडाची छोटी होडी दुरुस्त करतेय. तुम्ही गेल्यापासून ती कोळीकाकांच्या अंगणात उलटी पडून होती. सुकाणूच्या दांड्याला दोन दोऱ्या बांधल्या, दोन्ही कडांच्या कप्प्यांतून पुढे डोलकाठीपाशी आणल्या. पण उजवी ओढली की होडी डावीकडे जाते. तुमच्या हातात तर ती उजवीकडेच वळायची. की मला तसं वाटतं? शेवटी मागच्या फळीखालून दोऱ्यांची फुली केली तेव्हा जमलं. तुम्हीही असंच केलं असेल, असं धरून चालतेय.

तुम्ही हे सगळं बसवलंत तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ठाण्याच्या कारखान्यातून तुम्ही भंगारातल्या कप्प्या मागून आणल्यात. दांडा वळला की एक दोरी ढिली पडते, म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलात. मी विचारलं, "मागे बसून काय वाईट होतं?" तुम्ही म्हणालात, "दोघं मागे बसलो की होडीची पुढची नाळ वर उचलते. पुढे वजन हवं." मला ते पटलं नव्हतं. त्याच महिन्यात नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही दोनदा गेला होतात आणि आम्हाला एवढंच सांगितलं होतंत, की नंबर वाढलाय.

मग तो दिवस. तुम्ही पुढे, दोन्ही हातांत दोऱ्या. मी मागे, दांड्याशेजारी. मी सहज दांड्यावर हात ठेवला तर मागे न बघता तुम्ही म्हणता, "हात काढ अगं. दोघांनी धरलं की ती कुणाचंच ऐकत नाही." मी हात काढते. थोड्या वेळाने शिडाच्या खालून मला जाळ्याचा खुंट दिसतो, अगदी जवळ, आणि तुम्ही वळत नाही. मी दांडा जोरात ढकलला. होडी कलली, खुंट बाजूने गेला. तुमच्या हातातल्या दोऱ्यांना हिसका बसला असणारच. काठावर उतरल्यावर शीड गुंडाळताना फक्त म्हणालात, "भूक लागली असेल तुला." त्यानंतर दर रविवारी वारा नव्हता, किंवा भरती चुकीच्या वेळी होती. महिन्याभरात आईने शीड कुणाला तरी ताडपत्री म्हणून देऊन टाकलं, आणि तुम्ही तेही चालवून घेतलंत.

काल नवं शीड चढवून मी पहिल्यांदा तुमच्या जागी बसले. डोलकाठीच्या पुढे शीड आडवं येत नाही, खाडी लांबपर्यंत मोकळी दिसते. मागून जे मला शेवटच्या क्षणी दिसलं, ते तुम्हाला केव्हाच दिसलं असेल. कदाचित तुम्ही वळणारच होतात. कदाचित खुंटापासून हातभर अंतर ठेवून जाण्याचा तुमचा हिशोब पक्का होता. किंवा तुम्हाला काहीच दिसत नव्हतं आणि मी आपल्याला वाचवलं. आणि दोघं मागे बसलो की नाळ उचलते, हेही खरंच आहे. गेल्या रविवारी भाचीला शेजारी बसवून पाहिलं. यातलं कुठलं धरायचं तेच मला कळत नाही.

आज सकाळी आईकडे गेले. ती ओट्याशी सोडे निवडत होती. मी विचारलं, "आई, बाबांना शेवटी खरंच दिसत नव्हतं का गं?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "ते कुठे काही बोलायचे? तूच येऊन सांगितलंस, बाबांना होडीवर जाऊ देऊ नकोस म्हणून. माझं नाव घेऊ नकोस, असंही म्हणालीस. मी नाही घेतलं."

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून लिहिते. बाबा, मी ते विसरले नव्हते. आई विसरली असेल का, एवढंच बघायला गेले होते.