नऊ वर्षांच्या मुलीचं म्हणणं

नंदाखाल,
२० ऑगस्ट २००६

प्रिय स्टेफी,

मी उर्सुला टीचर. तू नऊ वर्षांची असताना दोनदा तुझ्याशी बोलायला गासला, काकाच्या घरी आले होते, आठवतं का? तुझे आईबाबा अपघातात गेले, तू मार्सेलकाकाकडे होतीस आणि बोरिवलीच्या फ्लॉसीमावशीनेही तुला मागितलं. प्रकरण कोर्टात गेलं. तुझ्या बाजूने चौकशी करून अहवाल द्यायला कोर्टाने मला नेमलं.

त्या कामासाठी वसईच्या एका संस्थेने आम्हाला सहा रविवार शिकवलं होतं. निवडताना माझी शाळेतली वीस वर्षांची नोकरी पाहिली, दोन्हीकडच्यांशी नातं नाही असं लिहून घेतलं. शिकवलं ते असं: मुलाशी एकट्याने बोलायचं, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, ते बोलेल तसंच लिहायचं. शेवटी परीक्षा झाली, तिच्यात मी पहिली आले. मुलांचं मला सगळं कळतं, अशी गुर्मीच चढली होती.

मी पहिल्यांदा आले तेव्हा तू विहिरीपाशी वालाच्या शेंगा सोलत बसली होतीस. काका बिनलग्नाचा, दिवसभर वाडीत. घरात बाईमाणूस नाही. मावशीकडे दोन मुली, चांगली शाळा, नीटनेटकं घर. परतीच्या वाटेवरच मी मनाशी ठरवून टाकलं. अहवालात लिहिलं, ‘मुलगी लहान आहे. तिची निश्चित अशी इच्छा दिसत नाही. मावशीकडे राहणे हिताचे.’ कोर्टाने ते मानलं. मावशीने तुला मायेने वाढवलं, आता तू नर्सिंगला आहेस, हे ऐकून आहे.

गेल्या महिन्यात त्याच संस्थेने मला नव्या लोकांना शिकवायला बोलावलं. इनेझ नावाच्या तरुण वकील मुलीने विचारलं, “टीचर, मुलाचं म्हणणं आपल्याला पटलं नाही तर?” मी म्हटलं, “ते आधी लिहायचं. आपलं मत खाली, वेगळं.” ती म्हणाली, “तुम्ही नेहमी तसंच केलंत?” मी पाणी प्यायले आणि पुढचा मुद्दा घेतला.

काल मी मार्सेलकडे जाऊन सगळं सांगितलं. तो एवढंच बोलला, “म्हणजे तिला इथे राहायचं होतं? मला वाटलं, पोरीनेच नको म्हटलं.” म्हणून तो तुला कधी भेटायला आला नाही. स्टेफी, तू मला स्पष्ट सांगितलं होतंस, “मला काकाकडेच राहायचंय, टीचर. त्याला सांगाल ना?” मी ते कोर्टाला सांगितलं नाही आणि त्यालाही नाही. निरोप मिळूनही काका आला नाही, असंच तू इतकी वर्षं धरून चालली असशील. आता तू अठरा पूर्ण केलीस, तुला कोणाची परवानगी लागत नाही. मला माफ करायचं की नाही ते नंतर बघ. आधी त्याला भेट. रविवारी चर्चमधून आला की तो घरीच असतो.

तुझीच,
उर्सुला टीचर