पट्टी न बदलता

शिबाता, १२ नोव्हेंबर, रविवार

श्री. हिदेनोरी ओकुयामा यांस,

डोंगरावर बर्फ दिसू लागलंय, गावात अजून नुसता गार पाऊस. थंडीत तुमचा गुडघा अजून दुखतो का? साचिएबाईंना नमस्कार सांगा असं लिहिणार होते, पण हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते वाचून तुम्हीच ठरवा. म्हणून तर घरी न पाठवता सायकलच्या दुकानावर पाठवते आहे.

चोवीस वर्षांनी पत्र लिहायचं आणि निमित्त काय, तर तांदूळ. शिओरीच्या लग्नात तुम्हा दोघांना द्यायच्या तांदळाच्या पिशवीचा कागद माझ्या पाहण्यात आला. जन्मली तेव्हा मुलीचं वजन जेवढं, तेवढाच तांदूळ त्या पिशवीत भरतात. कागदावर तीन हजार एकशे वीस ग्रॅम लिहिलंय. चूक आहे. दोन हजार सहाशे ऐंशी. तीन हजार एकशे वीस तुमच्या बहिणीचा कोजी होता, त्याच आठवड्यात झालेला. तुम्ही तेव्हाही दोघांच्या आकड्यांचा घोळ घालायचात.

तो कागद माझ्या हाती कसा आला, असं विचाराल. मी त्या हॉलमध्ये पियानो वाजवते. दोन वर्षं झाली. आईच्या आजारपणात तोक्योहून परत आले. आई गेली, मी राहिले. गावात लग्नाचा हॉल एकच आणि पियानोवालीही एकच. वाजवताना मी मारुतानी हे नाव लावते, त्यामुळे तुमच्या कानावर आलं नसेल.

गेल्या मंगळवारी नवरानवरी सगळं ठरवायला आली. विचार करताना नवरी कानाची पाळी चोळते. अगदी तुमच्यासारखी. कागदावरचं नाव मी नंतर वाचलं.

तिने मला ओळखलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढचं नीट वाचता येईल.

"मारुतानी-सान, मी आईबाबांना पत्र वाचून दाखवेन ना, तेव्हा मागे हे गाणं हवंय," ती म्हणाली. "नुसता पियानो. गाणारा नको."

गाण्याचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

"गाणारा का नको?"

"गायलं की सगळे शब्द ऐकत बसतात. मग माझं पत्र कोण ऐकणार?"

"शिवाय तो गाणारा किती रडका आहे!" नवरदेव म्हणाला. तिने त्याच्या हातावर चापट मारली. मुलगा चांगला वाटला मला.

आणि तिचं खरंच आहे. ती सगळी रडकी गाणी पियानोवर एकदम शहाणी होतात. गळा काढणारं कोणी नसतं, उरते ती फक्त चाल, आणि चाल मुळात चांगलीच होती हे तेव्हा कळतं. आयुष्यभर मी हेच करत आले, दुसऱ्यांची गाणी शहाणी करत.

मी वाजवून दाखवायला लागले. ही गाणी शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी बदलतात. हेही पांढरी एकवरून काळी एकवर चढतं. मी तिथवर पोचले, तेवढ्यात ती जवळजवळ ओरडलीच.

"थांबा! इथे वर नेऊ नका. त्याच पट्टीत संपवाल का?"

"संपवेन. पण का?"

"हसू नका हं. लहानपणापासून हे गाणं इथे वर गेलं की कोणीतरी मला काखेत धरून उचलतंय असं वाटतं. का ते माहीत नाही. रडूच येतं. त्या दिवशी तसं झालं तर पुढचं एक अक्षर वाचता येणार नाही मला. साचिए-आईसमोर मला तसलं रडायचं नाही. तिने खूप केलंय माझं."

मी म्हटलं, "बरं." योशिमुराबाईंनी, म्हणजे हॉलच्या व्यवस्थापिकेने, वहीत लिहून घेतलं: शेवटी पट्टी बदलायची नाही.

हिदे, तुम्ही तिला उचलायचात. वाजवताना मी पट्टी वर नेली की तुम्ही मागून तिला उचलून पार छतापर्यंत न्यायचात आणि ती किंचाळायची. मी पाठमोरी वाजवत असायचे. तिचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही. मला ते सगळं रोज आठवतं. तिच्याकडे उरलं असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. "ओकुयामांनी मुलीला भेटू दिलं नाही" असं मी तोक्योत सगळ्यांना सांगितलं. आईलाही. खोटं होतं ते. तीन महिन्यांच्या दौऱ्यावर म्हणून गेले आणि मला तिथे आवडलं, म्हणून परत आले नाही. ती पहिलीत जायची होती तेव्हा तुमची चिठ्ठी आली होती, शाळेच्या पहिल्या दिवशी ये म्हणून. त्या दिवशी माझं रेकॉर्डिंग होतं. ते पुढे ढकलता आलं असतं. मी विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर यायला तोंडच उरलं नाही.

पंचवीस तारखेला, लग्नात, ती पत्र वाचेल तेव्हा ते ऐकायला तुम्ही आणि साचिएबाई दाराशी उभे असाल आणि पियानो तुमच्या बरोबर समोर असेल. ऐन वेळी मला पाहून तुम्ही दचकाल आणि तिला कळेल, याची मला भीती आहे. म्हणून आधी कळवते आहे. मी नको असेन तर त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत हॉलवर फोन करून पियानोवाली बदला म्हणा. कारण सांगावं लागत नाही. निगाताहून दुसरी बाई मिळते, चांगली वाजवते. मी एक शब्द बोलणार नाही. फोन आला नाही तर मी वाजवेन, आणि तेव्हाही एक शब्द बोलणार नाही.

पण ते वजन तेवढं दुरुस्त करा.

तोमोए


२६ नोव्हेंबर, रविवार

हिदेनोरी,

गुरुवारी दिवसभर मी हॉलमध्येच होते. काम नव्हतं. पियानोची झाकणं पुसत बसले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना योशिमुराबाई आल्या. "मारुतानी-सान, ओकुयामांच्या वडिलांचा फोन होता." उद्या निगाताच्या बाईला कोणती पानं काढून द्यायची, इथपर्यंत मनात आलं.

"तांदळाचं वजन चुकलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "दोन हजार सहाशे ऐंशी करा म्हणाले. आता पिशवीवर नव्याने छापायला हवं. या बापांना ना, काही म्हणजे काही लक्षात राहत नाही!"

"आणखी काही म्हणाले?"

"नाही. का?"

मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि रडले.

काल तुम्ही मला वाकून नमस्कार केलात, हॉलच्या माणसांना करतात तेवढाच. बरं केलंत. साचिएबाईंनीही केला, जरा जास्त खाली वाकून. तुम्ही त्यांना सांगितलंत का? नका कळवू.

तिने पत्र छान वाचलं. साचिएबाई शाळेच्या डब्यात द्यायच्या त्या गोड अंड्याच्या गुंडाळीचा उल्लेख आला तेव्हा सगळे हसले. मी शेवटच्या ध्रुवपदाशी पोचले. बोटं आपली आपण काळीकडे निघाली होती, मी त्यांना पांढरीवरच धरून ठेवलं. इतकं अवघड मी आजवर काही वाजवलेलं नाही. तेव्हा समोर पाहिलं. तुमचे हात कोटाच्या कडेने वर उचलले गेले, थोडेसेच, आणि पुन्हा खाली आले.

मग तिने ती पिशवी साचिएबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती तान्ह्या पोराला घेतात तशी डोक्याखाली हात घालून घेतली. मला मत्सर वाटला. तसंच घ्यायचं असतं, हेही पटलं.

सगळे गेल्यावर शिओरी माझ्याकडे आली. बूट हातात, पाय सुजलेले.

"थँक यू, मारुतानी-सान. वर नेलं नाहीत म्हणून वाचू शकले."

"ठरलंच होतं ना."

"हो." ती कानाची पाळी चोळत राहिली. "पण गंमत बघा, तिथे आल्यावर मी वाट बघत होते."

तिला हाक आली, ती गेली. हॉलमध्ये खुर्च्या उचलणारी माणसं होती. मी परत बसले, शेवटचं ध्रुवपद घेतलं आणि वर नेलं. तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून लिहिलं. आता पुन्हा लिहिणार नाही.

पाठमोरी होते ती,
तोमोए