क्वेनथॉर्प म्हणजे बाईची वाडी

फ्रीमाँट, १४ मे २००५

प्रिय नैना,

चार महिने आपण फोनवर हवापाण्यापलीकडे बोललो नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. बातमी तुझ्या पीटरच्या आडनावाची आहे. अख्ख्या अमेरिकेच्या फोनबुकांत क्वेनथॉर्प लावणारी मला फक्त एकोणीस घरं सापडली. थॉर्प म्हणजे वाडी. आधीचा तुकडा जुन्या इंग्रजीतला, अर्थ बाई. बाईची वाडी. आपल्याकडेही शोभलं असतं.

तुला ठाऊक आहे, आयटीआयच्या पुढे मी कॉलेज पाहिलं नाही. इंग्रजी डिक्शनरीतून शिकलो, आणि मशीन शॉपमध्ये इंचाचा हजारावा भाग चुकला तरी पार्ट परत पाठवतो. सतरा शनिवार लायब्ररीत बसून विलायतेतल्या तिकडच्या चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म पाहिल्या. अक्षर मोडीसारखं गुंतलेलं; पहिले तीन शनिवार ते लावण्यातच गेले. इंटरनेटवरच्या वंशावळीत पीटरचा पूर्वज जॉन आईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जन्मलेला दाखवलाय, आणि सगळे तेच कॉपी करत आलेत. मी जॉनच्या बापाची दुसरी बायको शोधून काढली; जॉन तिचा. तिथल्या पाद्रीबाईंनी उत्तर पाठवलं, 'मिस्टर कडेगावकर, यू आर राइट.' ते पत्र मी फ्रेम करून हॉलमध्ये लावणार होतो, तुझ्या आईनं अडवलं.

गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. बाहेर पडला की लोक लावतात. आपलं 'कर' तसंच. पीटरचे पूर्वज सुतारकीसाठी शेजारच्या गावी गेले, तिथे ते क्वेनथॉर्प झाले. वाडी मात्र समुद्रानं काठ खात खात कधीच नेली. नकाशावर आज तिथे पाणी आहे.

जानेवारीत तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा पोह्यांची डिश हातात देण्याआधी मी त्याला मूळ गाव विचारलं. तो अमेरिकेतलंच स्क्रँटन म्हणाला, आणि त्याआधीचं माहीत नाही म्हणून हसला. मी त्याच्यासमोर तुला मराठीत म्हणालो, "ज्याला स्वतःचं गाव माहीत नाही, त्याच्या घरी मी मुलगी देत नाही." खरं सांगतो, हा शोधही मी खोट काढायलाच सुरू केला. मग एका शनिवारी स्वतःची नावं मांडून पाहिली. पणजोबांच्या पुढे मला एकही येईना. पीटरची नऊ झाली होती.

आई म्हणते, जूनमध्ये तुम्ही जर्सी सिटीला कोर्टात सह्या करणार, आणि मला कळवायचं नाही असं ठरलंय. सह्या करा. पण मला बोलवणार असशील तर दुसऱ्या दिवशी विधीही करू. कन्यादानाच्या वेळी गुरुजी मुलाच्या तीन पिढ्यांची नावं घेतात. गोत्र नसेल तर काश्यप चालतं, मी विचारून ठेवलंय. बाप रॉबर्ट, आजोबा वॉल्टर, पणजोबा हेन्री. उच्चार पीटरकडून एकदा तपासून मला फोनवर सांग. नावं चुकीची घेऊन मी माझी मुलगी कुणाला द्यायचा नाही.

तुझाच, तिकीट अजून न काढलेला,
बाबा